स्लायडिंग मायटर सॉ: काप संपता संपता पातं अडकून झटका बसतो, त्यावर उपाय

आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा दहा इंची स्लायडिंग मायटर सॉ आहे, म्हणजे फळी आडवी कापायची विजेची करवत. मोटर आणि पातं असलेलं तिचं डोकं खाली आणून पुढे-मागे सरकवता येतं. पहिल्या वर्षभरात त्याने मला सारखा एकच त्रास दिला. चार काप अगदी काकडी चिरावी तसे व्हायचे. पाचव्याला, फळी जवळपास तुटत आली की आवाज एकदम जड व्हायचा, लाकूड टक्कन हलायचं आणि मशीनचं डोकं माझ्या हातात उसळायचं. एकदा कापलेला वीतभर तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. त्या दिवशी मी प्लग काढला आणि आठ दिवस मशीनला हात लावला नाही.

मला वाटलं, मशीनच सदोष आहे. दुरुस्तीवाल्याकडे नेलं, त्याने फिरवून पाहिलं, काही दोष नाही म्हणून परत दिलं. मग आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणारे सुतारमामा एका दुपारी शेडमध्ये उभे राहिले आणि माझे तीन काप नुसते बघत होते. तिसऱ्यानंतर म्हणाले, "ताई, लाकूड तुम्ही दोन्हीकडून धरलंय. तुटल्यावर त्यानं जायचं कुठं?"

पुढचं सगळं या एका प्रश्नातून निघालेलं आहे. घरच्या घरी काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हाच झटका बसतो आणि तेही मशीनला दोष देतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आत्ता अडकलं असेल तर

ट्रिगर सोडा. डोकं वर उचलू नका, लाकूड ओढू नका, पातं आहे तिथेच पूर्ण थांबू द्या. आपला हात आपोआप वर जातो, कारण अडकलेल्यातून सुटायची घाई असते. पण पातं अजून फिरत असताना वर उचललं, तर मागचे दात चिमटलेल्या लाकडाला धरून वर आणतात आणि तुकडा उडतो तो इथेच. माझा तो कानाजवळून गेलेला तुकडाही असाच उडाला होता. ब्रेक असलेल्या मशीनचं पातं काही सेकंदांत थांबतं, ब्रेक नसलेलं बराच वेळ फिरत राहतं. ते नुसतं मंद झालेलं पुरत नाही, थांबलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे. मग प्लग काढा. मगच क्लॅम्प (लाकूड आवळून धरणारा शिकंजा) सोडा, लाकूड बाजूला घ्या आणि पात्याचे दात एकेक करून बघा. टवका उडालेला एक जरी दात दिसला तरी ते पातं पुन्हा लावू नका.

हे इतकं ठासून सांगते कारण पात्याचा वेग आपल्या डोळ्यांना कळत नाही. 255 मिलिमीटरचं पातं मिनिटाला 4800 फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला 64 मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे 230 किलोमीटर. एवढ्या वेगाच्या वस्तूपुढे आपली चपळाई कामाला येत नाही. उपाय जे काही करायचे ते ट्रिगर दाबायच्या आधी.

लाकडाला वाट कुठे आहे?

पातं लाकडातून जातं तेव्हा मागे साधारण अडीच-तीन मिलिमीटरची चीर सोडत जातं. ही चीर शेवटपर्यंत उघडी राहिली पाहिजे. ती मिटली की दोन्ही बाजूंचं लाकूड पात्याला चिमट्यात धरतं, आणि झटका म्हणजे हा चिमटा. त्यामुळे प्रत्येक कापाआधी स्वतःला विचारायचं: फळी तुटल्यावर दोनपैकी कुठला भाग मी धरलेला आहे आणि कुठला मोकळा आहे? एक धरलेला, एक मोकळा. दोन्ही धरलेले असतील तर चीर मिटणार. दोन्ही मोकळे असतील तर लाकूड फिरणार.

माझी चूक स्टॉपर लावण्यात होती. एकसारख्या लांबीच्या दहा पट्ट्या हव्या असल्या की मी फेन्सला, म्हणजे फळी मागून टेकवायच्या उभ्या पट्टीला, उजवीकडे लाकडी ठोकळा क्लॅम्प करायचे, फळी त्याला टेकवायची, डाव्या हाताने डावीकडून दाबायची आणि कापायची. काम पटापट व्हायचं. पण उजवीकडचा पट्टीचा तुकडा तुटल्याबरोबर एका बाजूला ठोकळा आणि दुसऱ्या बाजूला पातं, असा मध्ये सापडायचा. जरा तिरका झाला की गेला. उपाय साधा आहे: ठोकळा ज्या बाजूला, हात किंवा क्लॅम्पही त्याच बाजूला. जो भाग स्टॉपरला टेकलेला आहे तोच धरून ठेवायचा, आणि पात्याच्या पलीकडचा उरलेला भाग मोकळा राहील. पट्ट्या फारच आखूड असतील तर दुसरी युक्ती. ठोकळा फेन्सवर पात्यापासून दूर लावा, फळीचं टोक त्याला टेकवून माप घ्या, फळी डावीकडे क्लॅम्प करा, ठोकळा काढून घ्या आणि मग कापा. दरवेळी अर्धा मिनिट जास्त जातो. जाऊ दे.

दुसरी चूक स्टुलांची. आठ फुटी, आठ इंच रुंद, इंच जाडीची सागाची फळी साधारण आठ किलो भरते. मशीनचा पाट, म्हणजे फळी ठेवायची खालची सपाट जागा, जेमतेम दीड-दोन फुटांचा, म्हणून दोन्ही टोकांखाली स्टूल ठेवायचे. ती स्टुलं मशीनच्या पाटापेक्षा दोन सूत (पाव इंच) उंच होती, आणि मला वाटायचं की खाली असण्यापेक्षा वर असलेलं बरं. ते उलटं आहे. टोकं वर असली की फळी मधे पाटाला नीट टेकतच नाही, पूल होतो. वरून पातं दाबलं की पुलाचा मधला भाग खाली दबतो आणि चीर वरच्या अंगाने मिटते, म्हणजे नेमकी पात्याभोवती. आधार पाटाच्या अगदी बरोबरीला हवेत. पाटावर लांब सरळ पट्टी ठेवून तिच्या दोन्ही टोकांखाली स्टूल सरकवून बघा. कमी पडत असेल तर प्लायच्या पट्ट्या ठोकून बरोबरीला आणा. मी शेवटी दोन्ही बाजूंना मशीनच्या उंचीची कायमची फळकुटं बसवली, आणि अर्धा त्रास त्याच दिवशी गेला.

बाक आलेली फळी

पावसाळ्यात वखारीतून आणलेली फळी घरात चार आठवडे पडली की बहुधा कुठेतरी वाकते. कधी लांबीत बाक येतो, कधी रुंदीत पन्हाळीसारखी होते, कधी पीळ बसतो. हे तीन प्रकार वेगवेगळे आहेत आणि तिघांची वागणूक वेगळी.

लांबीतला बाक असेल तर फळीची फुगीर बाजू फेन्सकडे करायची, आणि जिथे कापायचं आहे तिथे फळी फेन्सला घट्ट टेकलेली असली पाहिजे. पोकळ बाजू फेन्सकडे ठेवली की फळीची दोन टोकं टेकतात आणि बरोबर कापाच्या जागी मागे फट राहते. पाटाच्या बाबतीतही तेच: कापाच्या रेषेखाली फट नको. फट आहे का ते बोटांनी चाचपून कळत नाही. प्लग काढलेला असताना कागदाची पट्टी सरकवून बघा, कागद आत गेला तर फट आहे.

पन्हाळी झालेली रुंद फळी मी आता या मशीनवर कापतच नाही. आधी रंधा मारून एक बाजू सपाट करते, किंवा तिचे उभे दोन भाग दुसऱ्या साधनाने करून घेते. उभा काप, म्हणजे फळीच्या लांबीच्या दिशेने चिरणं, मायटर सॉवर करायचाच नसतो. पीळ बसलेल्या फळीचंही तसंच. खाली पाचर सारून डुगडुग थांबवता येते, पण पाचर मधेच सरकली की पुन्हा तोच चिमटा.

आणि ओलं लाकूड. नुकत्याच छाटलेल्या बाभळीच्या किंवा आंब्याच्या फांदीत ताण भरलेला असतो. चीर पडली की तो ताण सुटतो आणि चीर तुमच्या डोळ्यांदेखत मिटते. फांद्या तोडायला हातकरवत आहे.

ओढत कापू नका

सरकतं डोकं बघितलं की ते आपल्याकडे ओढत कापावं असं कोणालाही वाटतं. मीही सुरुवातीला तसंच करायचे, आणि तेव्हा डोकं हातातून निसटून छातीकडे धावल्यासारखं वाटायचं. ते वाटणं खरं होतं. पात्यावर बाण असतो तो बघा: पात्याची आपल्याकडची कड खाली येते आणि तळाचे दात आपल्यापासून दूर, फेन्सकडे जातात. आपण डोकं स्वतःकडे ओढलं की दात लाकडावर चढतात. लाकूड फेन्सला टेकलेलं असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून पातंच आपल्याकडे उडी मारतं. ढकलत कापलं की दातांचा जोर आपल्या हाताच्या जोराविरुद्ध येतो, डोकं ताब्यात राहतं आणि लाकूड फेन्सवर दाबून धरलं जातं.

म्हणून क्रम असा. ट्रिगर न दाबता डोकं वर ठेवून पूर्ण आपल्याकडे ओढून घ्या. ट्रिगर दाबा, आवाज स्थिर होईपर्यंत थांबा. डोकं खाली आणा. मग एका चालीने फेन्सकडे ढकला. शेवटी ट्रिगर सोडा, पातं खालीच थांबू द्या, मग उचला. रोज करून हे हाताला बसतं. पण दोन-तीन इंच रुंदीच्या पट्टीला सरकवायची गरजच नाही. तेव्हा डोकं मागे नेऊन मागच्या दांड्यांचा खिट्टीचा स्क्रू आवळा आणि सरळ वरून खाली कापा. अरुंद कामात मोकळं सोडलेलं सरकतं डोकं हे विनाकारण घेतलेलं संकट आहे.

बिडिंगचे तुकडे आणि तिरपे काप

फोटोफ्रेम करणाऱ्यांना हा भाग रोज लागतो. फेन्सच्या दोन भागांमधली फट बरीच रुंद असते, आणि इंचभर तुकडा कापला की तो मागे आधार नसल्याने त्या फटीत ओढला जातो, पात्याला लागतो आणि उडतो. फेन्सच्या पुढे 12 मिलिमीटर प्लायची सलग पट्टी मागून स्क्रूने बसवा. स्क्रू पात्याच्या वाटेपासून लांब हवेत. मग त्या पट्टीत एकदा काप घ्या. आता चीर पात्याच्या जाडीइतकीच आहे आणि छोट्या तुकड्याला अगदी कडेपर्यंत पाठ मिळते. पाटाच्या फटीवरही अशीच प्लाय घालता येते. कापाच्या मागच्या बाजूने लाकूड उकलतं तेही यामुळे कमी होतं, आणि 45 अंशाचा सांधा नीट बसतो तो वेगळाच फायदा.

पातं झुकवून कापताना आणखी एक ध्यानात ठेवा. ज्या बाजूला पातं झुकलंय त्या बाजूचा तुकडा पात्याच्या खाली येतो. तो मोकळा ठेवला तर वर उचलताना पात्यासोबत निघतो. तो भाग क्लॅम्पने धरा आणि पलीकडचा मोकळा सोडा. फेन्सचा वरचा सरकता भाग आधी बाजूला घ्या, नाहीतर पातं त्यालाच लागेल. प्लग काढून एकदा डोकं पूर्ण खाली-मागे फिरवून बघितल्याशिवाय तिरपा काप सुरू करू नये.

गोल दांडा कापायचा असेल तर त्याखाली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेला ठोकळा हवाच. नाहीतर दात लागताच दांडा गरकन फिरतो.

पातं आणि वीज

लाकूड नीट धरूनही काप जड जात असेल तर पातं काढून बघा. सागात सिलिका असते, त्यामुळे सागावर धार लवकर जाते. पाइनचा चीक दातांवर तपकिरी थर करून बसतो आणि तो थर चिमट्यासारखाच घासतो. गरम पाण्यात कपड्यांची पावडर घालून पातं अर्धा तास भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लगेच पुसून कोरडं करा. तरीही कापलेल्या तोंडावर काळे डाग पडत असतील तर धार लावून घ्यायची वेळ झाली.

नवं ब्लेड घेताना दुकानदार फक्त व्यास विचारतो. तुम्ही दातांचा कल विचारा. टेबल सॉच्या ब्लेडचे दात पुढे झुकलेले असतात, ते लाकूड ओढून घेतात. सरकत्या मशीनवर हा स्वभाव धोक्याचा आहे. इथे दात सरळ किंवा किंचित मागे कललेले, म्हणजे शून्य ते उणे पाच अंशांच्या आसपासचे हवेत, आणि दहा इंचाला आडव्या कापासाठी 60 दात चांगले. भोक 25.4 मिलिमीटरचं की 30 चं, ते मशीनवर बघून जा. ढिल्या भोकात कागद किंवा पत्रा गुंडाळून बसवलेलं पातं मी डोळ्यांनी पाहिलंय. असं कधीही करू नका. ब्लेडवर लिहिलेल्या कमाल फेऱ्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असायला हव्यात.

पुण्यात जुन्या वाड्यांचं सागवान मिळतं, आणि त्याच्यासारखं लाकूड आज नव्याने मिळणं कठीण. पण त्यात खिळे मोडून आत राहिलेले असतात आणि वरून लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला असतो. कापाच्या रेषेवरून दोन्ही बाजूंनी चांगला जड लोहचुंबक फिरवा. मी घेतलेल्या एका तुळईच्या तुकड्यात सात खिळे निघाले, त्यातले तीन बाहेरून दिसतही नव्हते.

विजेचं थोडक्यात. 2000 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या जवळ घेतं. दिवाणखान्यातल्या 6 अँपिअरच्या सॉकेटला आणि टीव्हीच्या बारीक वायरच्या एक्स्टेंशनला हे झेपत नाही. व्होल्टेज पडतं, भरल्या कापात पातं मंदावतं आणि अडकतं. 16 अँपिअरचा सॉकेट आणि 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घ्या, गुंडाळी पूर्ण सोडून ठेवा, त्या लाइनला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच लाइन तोडणारा स्विच, असू द्या. आणि काप चालू असताना लाइट गेली, तर ट्रिगर सोडून आधी प्लग काढा. लाइट परत कधी येईल ते आपल्या हातात नाही.

हात कुठे असावेत

पात्याच्या दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटरच्या आत हात जाता कामा नये. पाटावर लाल टेपने ती हद्द आखून घ्या, मी आखली आहे. तुकडा एवढा छोटा असेल की हात हद्दीत घ्यावा लागतो, तर तो हाताने धरून कापायचाच नाही. लांब फळीतूनच कापून घ्या किंवा क्लॅम्प लावा. हातांची फुली कधीच करू नका. उजवा हात मुठीवर असताना डावा हात पात्यासमोरून उजवीकडे नेऊन लाकूड धरणं फार सोपं वाटतं, आणि म्हणूनच लोक करतात.

हातमोजे नकोत, ते पात्यात अडकले की बोटं सोबत जातात. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, गळ्यातली लांब साखळी बाजूला ठेवा, केस बांधा. डोळ्यांना गॉगल आणि कानांना इअरमफ हवेत, आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. मास्क साधा कापडी नको, एन 95 घ्या. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलेलं आहे, आणि बंद बाल्कनीत तो तासन्‌तास हवेत राहतो.

गार्डबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. पातं झाकणारा खालचा प्लॅस्टिकचा गार्ड भुशाने धूसर होतो, रेघ दिसत नाही, म्हणून तो वर करून तारेने बांधून टाकलेली मशीनं मी कित्येक साइटवर बघितली आहेत. ते करणारी माणसं निष्काळजी नव्हती, रोज त्याच हातांवर घर चालवणारी होती. दिसत नव्हतं म्हणून त्यांनी बांधला. तर गार्ड दिसण्याजोगा ठेवणं हे आपलं काम आहे. मऊ ओल्या फडक्याने तो दर दिवशी पुसा, थिनर लावू नका, त्याने प्लॅस्टिक तडकतं. स्प्रिंग ढिली पडून गार्ड परत येत नसेल तर आधी ती बदला. रेघ बघायचीच असेल तर प्लग काढून पातं रेघेवर टेकवा आणि लाकूड तिथे क्लॅम्प करा. मग चालू मशीनमध्ये वाकून बघावं लागत नाही.

तरीही अडकत असेल

मग मशीनच्या दांड्या तपासा. प्लग काढून डोकं पूर्ण पुढे ओढा आणि मूठ डावी-उजवीकडे हलवा. लक्षात येण्याजोगा खेळ असेल तर पातं चिरेत सरळ जात नाही, मागचे दात बाजूला घासतात. कापलेलं तोंड बघितलं तरी कळतं: दातांच्या कमानी एकाच दिशेच्या असायला हव्यात. त्यांना छेद देणाऱ्या उलट्या कमानी दिसल्या तर मागचे दात लागत आहेत. दांड्या कोरड्या फडक्याने पुसून बघा. आमच्याकडे पावसाळ्यात त्यांच्यावर भुशाची आणि गंजाची लापशी होते, तेवढ्यानेही डोकं धक्के खात सरकतं. मग गुण्या लावून पातं फेन्सला काटकोनात आहे का ते बघा. दांड्यांमध्ये खेळ असेल तर तो दुरुस्तीवाल्याला कापलेल्या तुकड्यासकट दाखवा. नुसतं मशीन फिरवून तो दिसत नाही. मी पहिल्यांदा नुसतं मशीनच नेलं होतं, आता त्यासोबत गुण्या आणि दोन तुकडे घेऊन जाते.